हास्केल शिकायचं आहे: मोनॅडच्या आधी काय काय?

तिरकस कंस (धागाकर्ते)

पायथन आणि जावा रोजच्या वापरातले आहेत. आता एक फंक्शनल भाषा नीट शिकायची आहे आणि हास्केल घ्यायचं ठरवलं आहे. जालावर शोधलं की यादी सगळीकडे तीच मिळते: न बदलणारी मूल्यं, पॅटर्न मॅचिंग, रिकर्शन, हायर ऑर्डर फंक्शन्स, करिइंग, आळशी मूल्यमापन (मूल्य लागेल तेव्हाच काढणं), टाइपक्लास, मोनॅड. क्रम मात्र प्रत्येकाचा निराळा, आणि बरेच लेख थेट मोनॅडलाच हात घालतात.

माझं मत असं की मोनॅड शेवटी घ्यावा. प्रश्न असा की त्याआधी कशानंतर काय घ्यावं आणि प्रत्येक टप्प्यावर घोडं नेमकं कुठे अडतं? ‘भाषा फार सुंदर आहे’ छापाची उत्तरं नकोत. कोड देवनागरीतच लिहिलात तरी चालेल, रोमन करून घेईन.

घाटमाथा

आधी स्थापनेचं बघा, निम्मे लोक तिथेच गळतात. विंडोज, मॅक, लिनक्स काहीही असो, जीएचसीअप वापरा. कंपायलर म्हणजे जीएचसी, शिवाय प्रकल्प बांधायला कबाल, स्टॅक आणि एडिटरात टाइप नि चुका दाखवायला एचएलएस, चारही त्यातूनच येतात. उबुंटूवर ॲप्टमधून जीएचसी घेऊ नका. ती आवृत्ती बहुधा जुनी असते आणि मग दोन कंपायलर एकमेकांच्या पायात येतात. एकेक जीएचसी दोनेक जीबी खाते, तेव्हा डिस्कवर ऐसपैस जागा ठेवा.

‘जीएचसीअप टीयूआय’ म्हटलं की यादी उघडते. तीत ‘रेकमेंडेड’ शिक्का असलेली आवृत्ती घ्या, सगळ्यात नवी नको. एचएलएसला ती आवृत्ती चालत नसेल तर एडिटरात टाइप दिसत नाहीत, नुसत्या लाल रेघा दिसतात.

जीएचसीआयमध्ये (ओळ टंकली की लगेच उत्तर देणारं जीएचसीचं रूप) तीन आज्ञा हाताशी हव्यात. ‘:टी’ने टाइप कळतो, ‘:आय’ने त्या नावाची कुंडली कळते, ‘:आर’ने फाइल पुन्हा चढते. आणि पहिल्या दिवसापासून ‘-डब्ल्यूऑल’, म्हणजे वॉर्निंग दाखवायचा पर्याय, चालू. का ते पुढे कोणीतरी सांगेलच.

बे एके बे

मीच सांगतो. क्रमात पहिलं करिइंग नाही, रिकर्शनही नाही. पहिला आपला डेटा टाइप आणि त्यावरचं पॅटर्न मॅचिंग.

डेटा भरणा = रोख | यूपीआय स्ट्रिंग | धनादेश इंट डे

जावात याचा एक क्लास होतो, त्यात चार फील्ड आणि त्यातली तीन बहुतेक वेळा नल. इथे धनादेश क्रमांक फक्त धनादेशालाच आहे, रोखीला तो असूच शकत नाही. आता फंक्शन:

पावती रोख = "रोख मिळाली"
पावती (यूपीआय आयडी) = "यूपीआय: " ++ आयडी
पावती (धनादेश क्र _) = "धनादेश क्र. " ++ शो क्र

दोन गोष्टी इथे हटकून चुकतात. एक म्हणजे कंस. ‘पावती यूपीआय आयडी =’ असं कंसाशिवाय लिहिलं की कंपायलरला ती दोन वेगळी आर्ग्युमेंट्स वाटतात आणि समीकरणांत आर्ग्युमेंट्सची संख्या जुळत नाही अशी तक्रार येते. दुसरी चूक जास्त महागाची: शेवटी ‘पावती _ = "इतर"’ अशी सर्वसमावेशक ओळ टाकणं. उद्या भरण्यात ‘कार्ड’ वाढवलंत तर ‘-डब्ल्यूऑल’ प्रत्येक अपुऱ्या फंक्शनकडे बोट दाखवतं. ती ओळ असेल तर मात्र कंपायलर गप्प बसतो आणि कार्डाची पावती ‘इतर’ म्हणून छापली जाते. अपुऱ्या पॅटर्नची वॉर्निंग एररमध्ये बदलून ठेवा, म्हणजे विषय संपला.

आठवडाभर फक्त एवढंच करा. वजाबाकी-बेरजेची झाडं, पत्त्यांचा डाव, वीजबिलाचे टप्पे, काहीही.

चहाचा कप

वाखूसा (वाचनखूण साठवली). मोनॅड म्हणजे उकडीचा मोदक असं ऐकलं आहे: आत सारण, बाहेर पारी. खरं का?

रिकामी यादी

@चहाचा कप: नाही. मोदक फोडून सारण काढता येतं, आयओमधलं (म्हणजे वाचणं, छापणं अशा कामांतलं) मूल्य असं बाहेर काढता येत नाही. उपमा नको, टाइप वाचा. इथे उपमांचा पूर आला की धागा खाण्यापिण्याच्या विभागात हलवावा लागेल.

मूळ प्रश्नाकडे येतो. बे एके बे यांच्या क्रमाला +१. त्यानंतर यादी घ्या: मॅप, फिल्टर, फोल्डआर. हे तिन्ही आधी स्वतः रिकर्शनने लिहा, प्रत्येकी दोन-दोन ओळी होतात, आणि मग आयते वापरा. फोल्डआर समजायचा सोपा मार्ग असा: यादीतल्या प्रत्येक ‘:’च्या जागी तुमचं फंक्शन आणि शेवटच्या ‘[]’च्या जागी तुमचं सुरुवातीचं मूल्य. कागदावर [३, ५, ७] म्हणजे ३ : (५ : (७ : [])) लिहा आणि चिन्हं बदला. बस.

फोल्डएल वेगळा, आणि तिथेच पहिला खड्डा आहे. साधा फोल्डएल बेरीज करत जात नाही, ‘नंतर करू’ अशा चिठ्ठ्यांचा डोंगर रचतो, ((० + १) + २) + ३ असा, आणि शेवटी उकलतो. एक कोटी संख्यांना शेकडो एमबी जातात. पूर्वी स्टॅक भरून प्रोग्रॅम पडायचा. जीएचसी ७.८ पासून स्टॅकची कमाल मर्यादा मेमरीच्या ८० टक्के आहे, त्यामुळे आता पडत नाही, मशीनच गुदमरतं. म्हणून फोल्डएल', म्हणजे शेवटी अपॉस्ट्रॉफी असलेला, तोच वापरायचा. जीएचसी ९.१० पासून तो प्रेल्यूडमध्येच (आपोआप हाताशी असलेल्या संचात) मिळतो, त्याआधी डेटा.लिस्टमधून आणावा लागतो.

घाटमाथा

‘-ओ’ (ऑप्टिमायझेशन) लावलं तर साध्या फोल्डएलचंही भागतं की. कंपायलर कडकपणा, म्हणजे मूल्य लगेच काढायची जागा, ओळखतो.

रिकामी यादी

बेरजेपुरतं भागतं. जीएचसीआयमध्ये नाही, कारण तिथे ऑप्टिमायझेशन नसतं. आणि सरासरी काढायला गेलात की तेही खात्रीचं नाही. हे बघा:

पुढे (बेरीज, संख्या) क्ष = (बेरीज + क्ष, संख्या + १)
फोल्डएल' पुढे (०, ०) यादी

अपॉस्ट्रॉफी आहे, तरी गळती आहे. का? फोल्डएल' मूल्य काढतो ते सगळ्यात बाहेरच्या कन्स्ट्रक्टरपर्यंतच (मूल्य बांधणारं नाव, जसं वरचं ‘धनादेश’). जोडीचा कंस-स्वल्पविराम दिसला की त्याचं काम झालं. आतली बेरीज आणि संख्या दोन्ही चिठ्ठ्याच राहतात, आणि एका डोंगराऐवजी दोन डोंगर उभे राहतात. उपाय: ‘पुढे (!बेरीज, !संख्या) क्ष’, म्हणजे दोन्हींवर उद्गारचिन्ह. जीएचसी२०२१ भाषासंचात हे आपोआप चालतं. कबाल फाइलमध्ये हास्केल२०१० लिहिलं असेल तर बँगपॅटर्न्स हे एक्स्टेंशन चालू करावं लागतं.

खात्री करायला ‘-आरटीएसऑप्ट्स’ देऊन कंपाइल करा आणि ‘+आरटीएस -एस’ लावून चालवा. शेवटी आकड्यांची भिंत येते, तिच्यात ‘मॅक्सिमम रेसिडेन्सी’ (वापरात असलेली जास्तीत जास्त मेमरी) तेवढी बघा. इनपुट दहापट केल्यावर ती जवळपास तेवढीच राहिली तर ठीक. तीही दहापट झाली तर कुठेतरी चिठ्ठ्या साठताहेत.

कोकणकडा

यासाठीच मी म्हणतो, पहिली फंक्शनल भाषा म्हणून हास्केल घेऊच नका. ओकॅमल घ्या. पॅटर्न मॅचिंग तेच, टाइप ओळखणं तेच, मूल्यमापन मात्र सरळ: लिहिलं तिथे झालं. बदलणारी जागा हवी तर रेफ आहे, छापायचं तर मधेच छापा. किंवा एलिक्झर घ्या, डब्यांची पाइपलाइन लावा आणि दुसऱ्या आठवड्यात वेबसाइट उभी करा. आळशीपणाचा पुरस्कार करणाऱ्यांनी तो आपापल्या घरी करावा. स्टँडर्ड चार्टर्ड बँकेत हास्केलची ‘मू’ नावाची बोली वापरतात, तीसुद्धा आळशी नाही, कडक आहे.

सह्यभ्रमर

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

आळशी पाहुणा

@कोकणकडा, नाव बघूनच ओळखलं असेल की मी कुठल्या पक्षाचा.

आळशीपणाचे फायदेही नेमके आहेत. ‘टेक ५ (सॉर्ट यादी)’ लिहिलं तर पूर्ण क्रम लावला जात नाही, पाच मिळण्यापुरतंच काम होतं. ‘हेड (सॉर्ट यादी)’ तर यादीच्या लांबीच्या प्रमाणात संपतं. ‘झिप [१..] ओळी’ने ओळींना अनुक्रमांक लागतात, किती ओळी आहेत हे आधी मोजावं लागत नाही. ‘व्हेअर’खाली दहा व्याख्या लिहा, ज्या फांदीत ज्या लागतील त्याच मोजल्या जातात, त्यामुळे व्याख्यांचा क्रम लावत बसावं लागत नाही.

आता तोटे, प्रामाणिकपणे. फोल्डएल वर आलाच. बाकीच्या जागा ठरलेल्या आहेत. किल्ली-मूल्यांच्या कोशासाठी डेटा.मॅपऐवजी डेटा.मॅप.स्ट्रिक्ट घ्या, नाहीतर ‘इन्सर्टविथ (+)’ने मोजणी करताना प्रत्येक किल्लीखाली चिठ्ठ्या साठतात. बदलणाऱ्या जागेतलं मूल्य बदलायला मॉडिफायआयओरेफ घ्या तो अपॉस्ट्रॉफीवाला. आपल्या रेकॉर्डमधल्या इंट, डबल अशा साध्या फील्डच्या टाइपापुढे उद्गारचिन्ह लावा. आणि ‘विथफाइल’च्या आत ‘एचगेटकंटेंट्स’ करून मजकूर बाहेर आणू नका: वाचन प्रत्यक्षात होतं तेव्हा फाइल मिटलेली असते आणि ‘बंद हँडलवर लांबवलेलं वाचन’ अशा अर्थाची एरर येते. शिकाऊ माणसाला इतकं पुष्कळ झालं.

कोकणकडा

‘इतकं पुष्कळ झालं’ म्हणेपर्यंत एक परिच्छेद लागला, यातच सगळं आलं.

बे एके बे

दोघांनाही दंडवत. धाग्याचं काश्मीर (न संपणारा वाद) करू नका, धागाकर्त्यांनी हास्केल ठरवलंय.

शेवंतीची वेणी

करिइंगवर कोणी बोललं नाही. संकल्पना पाच मिनिटांची आहे: प्रत्येक फंक्शन एकच आर्ग्युमेंट घेतं आणि उरलेल्यासाठी नवं फंक्शन परत देतं. त्रास संकल्पनेचा नाही, एररचा आहे. एखादं आर्ग्युमेंट द्यायचं राहिलं की एरर त्या ओळीवर येत नाही, कारण अर्धवट फंक्शन हेही वैध मूल्यच. मग ते छापायला गेलात की ‘इंट -> इंट या टाइपासाठी शो नाही’ अशी तक्रार येते. एररमध्ये बाण असलेला टाइप दिसला, की पहिला संशय राहिलेल्या आर्ग्युमेंटचा घ्यावा.

आणखी तीन खडे, तांदळातून आधीच वेचून ठेवा:

‘फ -३’ म्हणजे ‘फ’मधून ३ वजा. ऋण संख्या द्यायची तर ‘फ (-३)’. आणि (+३) हे ‘तीन मिळवणारं’ फंक्शन असलं तरी (-३) ही नुसती संख्या आहे. ‘तीन वजा करणारं’ हवं तर ‘सबट्रॅक्ट ३’.

‘लेंग्थ यादी / २’ चालत नाही. लेंग्थ इंट देतं आणि ‘/’ला अपूर्णांक लागतात. ‘फ्रॉमइंटिग्रल (लेंग्थ यादी) / २’ लिहा, किंवा पूर्णांकच हवा असेल तर ‘डिव्ह’. डिव्ह आणि क्वॉट ऋण संख्यांना वेगळं वागतात: -७ ला २ ने डिव्ह केलं तर -४, क्वॉट केलं तर -३.

इंट ६४ बिटांचा आहे आणि न सांगता उलटतो. २०चं फॅक्टोरियल मावतं, २१चं ऋण येतं. इंटीजर वापरा, तो हवा तेवढा वाढतो.

चहाचा कप

नोकरी मिळते का यात?

घाटमाथा

अवांतर आहे, तरी. जागा मोजक्या. फेसबुकची स्पॅम अडवणारी सिग्मा यंत्रणा हास्केलमध्ये आहे, बंगळुरूची जसपे हास्केल वापरते, बँकेचं वर आलंच. पण शिकलेलं वाया जात नाही. पायथन ३.१० मध्ये २०२१ साली मॅच आलं, जावा २१ मध्ये २०२३ साली स्विचमधलं पॅटर्न मॅचिंग पक्कं झालं. सील्ड इंटरफेस आणि रेकॉर्ड मिळून जे होतं ते म्हणजे बे एके बे यांचा ‘भरणा’च.

मात्रावृत्त

मराठी मजकुरावर काम करणार असाल तर हे आधीच वाचा. जीएचसीआयमध्ये "मराठी" टंकून एंटर मारलंत तर उत्तर येतं "\२३५०\२३५२\२३६६\२३३६\२३६८" (तिथे अंक रोमन असतात). घाबरू नका, काही बिघडलेलं नाही. जीएचसीआय छापताना ‘शो’ वापरतं आणि शो आस्कीबाहेरची अक्षरं क्रमांकाने दाखवतं. ‘पुटस्ट्रएलएन’ वापरा, नीट दिसेल. विंडोजवर तेही अडलं, तर कन्सोलमध्ये ‘चसीपी ६५००१’ द्या आणि मेनच्या पहिल्या ओळीत ‘एचसेटएन्कोडिंग एसटीडीआउट यूटीएफ८’.

‘लेंग्थ "मराठी"’ ५ येते, कारण काना आणि वेलांटी वेगवेगळी मोजली जातात. ‘रिव्हर्स’ केलंत तर सुरुवातीला बिनअक्षराची वेलांटी लोंबकळते. अक्षरागणिक तोडायचं असेल तर टेक्स्ट-आयसीयू पॅकेज लागतं.

आणि स्ट्रिंग टाइप मोठ्या मजकुराला वापरू नका. ती अक्षरांची जोडयादी आहे. ६४ बिटांच्या मशीनवर प्रत्येक कडी २४ बाइट. इंग्रजी अक्षरं जीएचसी सामायिक साठ्यातून देते, देवनागरी अक्षराला वेगळे १६ बाइट लागतात, म्हणजे एका मात्रेला ४०. टेक्स्ट टाइपमध्ये तीच मात्रा ३ बाइटांत बसते. (टेक्स्ट २.० च्या आधी आत यूटीएफ-१६ होतं, तेव्हा २ लागायचे. या एका बाबतीत आपला तोटा झाला.)

चहाचा कप

मग फंक्शनची नावंही मराठीत ठेवता येतील?

मात्रावृत्त

प्रकारांची आणि कन्स्ट्रक्टरची नावं मोठ्या अक्षराने सुरू व्हावी लागतात, आणि देवनागरीत मोठी-छोटी लिपी नाहीच. त्यामुळे वरचा ‘डेटा भरणा’ जसाच्या तसा कंपाइल होणार नाही. स्वप्न तिथेच विरलं.

शेवंतीची वेणी

टाइपक्लासबद्दल एकच. जावाच्या इंटरफेससारखं म्हणून सुरुवात करा, पण तिथेच थांबू नका. इथे परत येणाऱ्या टाइपावरूनही निवड होते. ‘रीड "१२"’ इंट देईल की डबल, हे पुढे ते कोणाला हवंय त्यावर ठरतं. म्हणूनच ‘शो (रीड मजकूर)’ कंपाइल होत नाही: मधला टाइप कोणीच सांगितलेला नाही. शिवाय ‘रीड’ला भलतं काही दिलं तर प्रोग्रॅम पडतो. टेक्स्ट.रीडमधलं ‘रीडमेबी’ वापरा, ते ‘मेबी’ देतं: जमलं तर ‘जस्ट’ आणि मूल्य, नाहीतर ‘नथिंग’.

रिकामी यादी

आता मोनॅड, कारण रीडमेबीने दार उघडलंच. धागाकर्त्यांच्या मताला इतिहासाचाही आधार आहे. भाषेची समिती १९८७ ला बसली, पहिला अहवाल १९९० चा, आणि मोनॅडवरचं आयओ अधिकृतपणे आलं ते १९९६ च्या १.३ आवृत्तीत. डू नोटेशनही तेव्हाच. म्हणजे त्याआधी काही वर्षं भाषा मोनॅडवाचून चालू होती. तुमचे काही आठवडे सहज जातील.

करायचं असं. तीन मजकूर घ्या: दिवस, महिना, वर्ष. तिन्हींना रीडमेबी लावा आणि तारीख बनवा. आधी केसमध्ये केस, त्यात केस असं हाताने लिहा. तिन्ही ठिकाणी ‘नथिंग -> नथिंग’ लिहिताना हात दुखेल. मग तो पुन्हा पुन्हा येणारा भाग वेगळं फंक्शन म्हणून काढा. त्याचा टाइप येईल:

मेबी अ -> (अ -> मेबी ब) -> मेबी ब

हाच ‘>>=’. डू म्हणजे त्याचीच सुटसुटीत मांडणी. मग तीच कसरत ईदरने करा, म्हणजे कुठला भाग चुकला तेही कळेल. आयओ त्यानंतर.

आयओमध्ये ठरलेल्या चुका दोन. ‘आयओ स्ट्रिंग आणि स्ट्रिंग जुळत नाहीत’ अशी एरर आली की जिथे ‘<-’ हवा तिथे ‘लेट’ लिहिलंय, किंवा ‘गेटलाइन’ थेट ‘++’ला जोडलंय. आणि ‘रिटर्न’ने फंक्शनमधून बाहेर पडता येत नाही! ते फक्त मूल्य गुंडाळून देतं, पुढच्या ओळी चालतातच. जावावाल्यांनी ‘रिटर्न’ हे नाव विसरून ‘प्युअर’ लिहावं, अर्थ तोच. एल्सशिवाय इफ नसतो, त्यासाठी ‘व्हेन’ आहे.

कोकणकडा

हे मात्र मान्य. केसमध्ये केस लिहायला लावणं ही खरी शिकवण. ओकॅमलमध्येही असंच शिकवतात, नोंद घ्यावी.

तिरकस कंस

सगळ्यांचे आभार. क्रम असा धरतोय: डेटा टाइप, यादी आणि फोल्ड, करिइंग, आळशीपणाचे खड्डे, टाइपक्लास, मेबी-ईदर, शेवटी आयओ. सरावाला मराठी मजकुरातले शब्द मोजायला घेतले. ‘टी.वर्ड्स’ने (टी म्हणजे डेटा.टेक्स्ट) तोडले, प्रत्येक शब्दावर ‘टी.फिल्टर इझअल्फा’ लावून विरामचिन्हं काढली, स्ट्रिक्ट मॅपमध्ये इन्सर्टविथ. चालतंय, पण ‘मराठी’चं ‘मरठ’ होतंय आणि ‘पाणी’चं ‘पण’. डेटा.टेक्स्टच बिघडवतंय का?

मात्रावृत्त

नाही. ‘इझअल्फा’ फक्त अक्षरांना होकार देतं. युनिकोडमध्ये काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे ‘चिन्ह’ या वर्गात आहेत, अक्षर या नाही, म्हणून सगळे गाळले गेले. उलट बाजूने जा: ‘टी.ड्रॉपअराउंड इझपंक्च्युएशन’. ते फक्त दोन्ही टोकांची विरामचिन्हं काढतं, मधल्याला हात लावत नाही, आणि जुन्या मजकुरातला दंडही विरामचिन्हांत धरलेला आहे.

आणखी एक अडचण येईल. ‘दुसऱ्या’ यादीत दोनदा दिसेल, दोन वेगळ्या आकड्यांनी. कारण अर्धा ऱ दोन तऱ्हांनी टंकला जातो: एक तर ऱ अधिक हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि पाठोपाठ न दिसणारा जोडक, म्हणजे झेडडब्ल्यूजे. दिसायला सारखे, मॅपच्या लेखी निराळे. युनिकोडचं नॉर्मलायझेशन हे दोन एक करत नाही. मॅपमध्ये घालण्याआधी ‘टी.रिप्लेस’ने दुसऱ्या तऱ्हेचं पहिल्यात बदलून घ्या. टी.रिप्लेसमध्ये आधी शोधायचं, मग बदली, मग मजकूर. क्रम उलटा झाला तरी तिन्ही टेक्स्टच असल्याने टाइप जुळतात आणि कंपायलर चकार शब्द काढत नाही.

तिरकस कंस

बदललं. ‘दुसऱ्या’ आता एकच येतोय. ‘तऱ्हा’ अजून दोन दिसताहेत.

मात्रावृत्त

एकात झेडडब्ल्यूजे दोनदा पडला असेल, काही कळफलक असं करतात. ‘मॅप टी.अनपॅक’ करून दोन्ही किल्ल्या शोने छापा, क्रमांक शेजारी शेजारी दिसतील. बदलानंतरही एकात ८२०५ उरलेला दिसला की समजा.